पद्मिनी-कॉन्टेसाचं सस्पेन्शन सुधारताना

पनवेलचं आणि चाकाचं नातं जुनं आहे. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, कोकणातला माल बैलगाड्यांनी घाटावर जाऊ लागला आणि गाडीची चाकं घडवणं हा पनवेलचा नावाजलेला धंदा झाला. आज कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, आणि ट्रक-ट्रेलरची कामं करणारे फिटर, वेल्डर, पाटेवाले, लेथवाले हाकेच्या अंतरावर मिळतात. जुन्या गाडीचं काम काढायला ही जागा सोयीची आहे. पद्मिनी किंवा कॉन्टेसा जपून ठेवलेल्या हौशी मालकांच्या मनात मग एक प्रश्न येतोच: गाडीचं रूप तसंच ठेवून खाली आजच्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन बसवता येईल का?

प्रश्न रास्त आहे. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा 1984 साली आली. पुढे तिला इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन मिळालं. लांब बॉनेट, मागच्या चाकांना ताकद, रुंद बसकी चण, यामुळे ‘भारताची मसल कार’ हे नाव तिला चिकटलं ते कायमचं. सरळ रस्त्यावर ती आजही जोमात पळते. वळणात मात्र बॉडी झुकते, खड्डा ओलांडल्यावर गाडी दोनतीनदा डुलते, जोरात ब्रेक दाबला की नाक खाली जातं. दुसरीकडे अमेरिकेत 1960 च्या दशकातल्या शेव्हेल, कॅमेरो, मुस्टँग अशा गाड्यांखाली नव्या कॉर्व्हेटचे ॲल्युमिनियमचे आर्म बसवलेले आपण पाहतो, आणि हे आपल्याकडे का नको, असं वाटून जातं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. स्पोर्ट्स कारचं अख्खं सस्पेन्शन उचलून आपल्या गाडीखाली बसवण्याच्या फंदात पडू नका. ती गाडी ज्या मोजमापाच्या शिस्तीने बनते, ती शिस्त आपल्या गाडीच्या मूळ सस्पेन्शनला लावा. तेवढ्यानेच गाडीची चाल पालटते. खर्च आवाक्यात राहतो, गाडी कायद्यात बसते आणि केलेलं काम पुन्हा मूळपदावर आणता येतं.

अमेरिकेत जमतं, इथे का अडतं

पहिलं कारण गाडीच्या सांगाड्यात आहे. शेव्हेलची बॉडी वेगळ्या चॅसिसवर बोल्टने बसवलेली असते. बॉडी उचलायची, खाली नवी चॅसिस सरकवायची, की काम झालं. जुन्या कॅमेरोचा पुढचा सबफ्रेमही बोल्टने सुटतो. आपली पद्मिनी ही फियाट 1100 ची वारस आणि कॉन्टेसा ही व्हॉक्सहॉल व्हिक्टरची. दोघींनाही वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. सस्पेन्शनचे भार पत्र्याच्या ठरावीक जागांवर येतात, आणि कारखान्याने तेवढ्याच जागा जाड पत्र्याने, आडव्या मेंबरने मजबूत केलेल्या असतात. नव्या सस्पेन्शनचे बिंदू दुसरीकडे पडतात. तिथला पत्रा हा भार घेण्यासाठी बनलेलाच नसतो.

दुसरं कारण रुंदीचं. भारतात 2016 साली आलेल्या मुस्टँगच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर जवळपास 1.58 मीटर. दोन्ही बाजूंना टायरची निम्मी रुंदी धरली, तर बाहेरून बाहेर माप 1.8 मीटरच्या पुढे जातं. कॉन्टेसाची अख्खी बॉडी साधारण 1.7 मीटर रुंद आहे, पद्मिनीची 1.46 मीटरच्या आसपास. म्हणजे पद्मिनीत मुस्टँगची चाकं मडगार्डाखाली नाहीच, बॉडीच्या बाहेर येतील. मग आर्म कापून आखूड करायचे, म्हणजे ज्या भूमितीसाठी ते आणले तीच मोडायची.

तिसरं कारण वजनाचं, आणि ते सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं. एक साधा हिशेब करा. एका चाकावर बॉडीचं 250 किलो वजन आहे आणि त्या चाकापाशी स्प्रिंग दर मिलिमीटरला 2 किलोचा रेटा देते असं धरा. गाडी जमिनीवर टेकली की स्प्रिंग 125 मिलिमीटर दबते आणि बॉडीचा नैसर्गिक हेलकावा सेकंदाला सुमारे 1.4 वेळा होतो. ही आरामाची चाल. जड स्पोर्ट्स कारमध्ये एका चाकावर 400 किलो वजन आणि स्प्रिंग 3.2 किलोची असेल, तरी हेलकावा तितकाच राहतो. पण तीच 3.2 किलोची स्प्रिंग तुमच्या 250 किलोच्या कोपऱ्याखाली घातली, की ती जेमतेम 78 मिलिमीटर दबते आणि हेलकावा सेकंदाला 1.8 वर जातो. गुळगुळीत ट्रॅकवर हे चालतं. तळोजा एमआयडीसीच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर गाडी नेलीत, तर चाक खड्ड्यावरून उडेल, जमिनीची पकड सुटेल आणि प्रत्येक दणका जुन्या पत्र्याच्या वेल्डिंगवर बसेल. जड गाडीत मऊ असलेली स्प्रिंग हलक्या गाडीत दगड होते, हे ध्यानात ठेवा.

इथे मुस्टँगच्याच इतिहासातली एक गोष्ट उपयोगाची आहे. 1965 साली कॅरोल शेल्बीने जीटी 350 ही वेगवान मुस्टँग काढली. पुढच्या सस्पेन्शनमध्ये केलेला एक मोठा बदल काय होता? फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी मांडलेल्या भूमितीप्रमाणे वरच्या आर्मची भोकं एक इंच खाली पाडली. वळणात बाहेरचं चाक जमिनीला जास्त चांगलं टेकू लागलं, बॉडीचा झोल कमी झाला. आणि मागचा सलग ॲक्सल? सर्वसाधारण मुस्टँगने तो 2014 पर्यंत सोडला नाही. तेव्हा आपल्या गाडीला मागे सलग ॲक्सल आहे म्हणून कमीपणा मानायचं कारण नाही.

कायदा आधी वाचा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचा व्यवहारातला अर्थ लावून घ्या. झिजलेले बुश, शॉकअप, पाटे, टायर त्याच जागी, त्याच मापाचे बदलणं ही दुरुस्ती. सबफ्रेम कापणं, ॲक्सल बदलणं, चाकांमधलं अंतर बदलणं हा रचनेतला बदल. या दोन टोकांच्या मधलं काही करायचं असेल, तर काम सुरू होण्याआधी आरटीओत लेखी विचारा. पनवेलची नोंदणी एमएच 46 ची. गाडी दुसरीकडची असेल तर तिथल्या कार्यालयाशी बोला. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी-नूतनीकरण करताना गाडी तपासणीला उभी करावी लागते, तेव्हा खालचं वेल्डिंग अधिकाऱ्यासमोर येतंच. विमा कंपनीलाही बदल कळवा आणि पोच घ्या. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा दावा अडू शकतो.

आणखी एक दार उघडं ठेवा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला विंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. अट अशी, की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. जुन्या फियाट आजच या वयात बसतात, पहिल्या कॉन्टेसा 2034 पासून बसतील. आज हौसेने चालवलेला गॅस कटर हे दार कायमचं बंद करतो.

पहिलं काम पत्र्याचं

खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा धुवांधार पाऊस. पनवेलच्या गाडीत गंज धरूनच चाला. नवा शॉकअप गंजक्या पत्र्यावर बसवला, तर शॉकअप टिकेल आणि पत्रा फाटेल.

गाडी लिफ्टवर किंवा भक्कम घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. पाट्यांचे हँगर, पुढच्या आडव्या मेंबरचे बोल्ट, शॉकअपच्या वरच्या जागा, दरवाजाखालची पोकळ पट्टी, मागच्या सीटखालचा फ्लोअर, इथे जुना अंडरकोट खरवडून जाड स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे टोक दाबा. टोक आत गेलं, तर त्या गाडीचं सस्पेन्शनचं काम आजपुरतं थांबलं. आधी पत्रेकाम.

मग बॉडीच्या ताठपणाची परीक्षा घ्या. चारही दरवाजे लावून बघा, फटी सारख्या आहेत का ते पाहा. आता पुढचं एक चाक जॅकने जमिनीवरून उचला आणि त्याच बाजूचा दरवाजा उघडून पुन्हा लावा. दरवाजा पूर्वीसारखाच हलका लागला, तर बॉडी ताठ आहे. कुलूप घासलं, दरवाजा उचलून लावावा लागला, तर बॉडी पीळ खाते आहे. अशा बॉडीवर कडक स्प्रिंग घालून काही साधत नाही, कारण स्प्रिंगऐवजी बॉडीच वाकते. पत्रेवाल्याला नवा पत्रा मूळ जाडीचाच लावायला सांगा आणि पोकळ भागात आतून गंजरोधक मेण किंवा तेल फवारून घ्या. ही बाब बिलात नजरेत भरत नाही, पण पुढची दहा वर्षं तिच्यावर उभी असतात.

वजन करा, मापं लिहा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यांची वाण नाही. गाडी काट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. टाकीत किती पेट्रोल, कोण बसलंय, स्टेपनी कुठे, हे पावतीच्या पाठीवर टिपा. तीन आकडे हातात आले की पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार कळतो आणि स्प्रिंगवाल्याशी अंदाजाने बोलावं लागत नाही.

एक वही करा. सपाट जागा हवी. पार्किंगची फरशी सपाट दिसते, असते असं नाही. गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही चाकांखालची पातळी तपासा, कमी पडेल तिथे पत्र्याचे तुकडे ठेवा. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजा. डावी-उजवीत बोटाएवढा फरक असेल, तर एक स्प्रिंग किंवा एका बाजूचे पाटे बसलेत.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, ओळंब्याने घरी मोजता येतो. 14 इंची रिमच्या वरच्या कडेपाशी ओळंबा धरा आणि दोरीपासून वरच्या व खालच्या कडेचं अंतर मोजा. 6 मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास एक अंश. टो, म्हणजे वरून पाहता चाकं पुढे आत किंवा बाहेर वळलेली असणं, मोजायला गाडीच्या दोन्ही बाजूंनी समांतर दोऱ्या ताणा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासूनची अंतरं घ्या. कॉम्प्युटर अलाइनमेंट करायचीच आहे, पण घरची मापं लिहिलेली असली की दुकानातला आकडा बरोबर की चूक हे तुम्हालाच कळतं.

मूळ सस्पेन्शन पुरतं बरं करा

पद्मिनीला पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग ॲक्सल आणि पाटे. पुढे स्वतंत्र विशबोन ही रचना आजच्या अनेक स्पोर्ट्स कारचीही आहे. गाडी डुलते ती बहुतेक वेळा रचनेमुळे नाही, झिजेमुळे. किंगपिन, आर्मचे बुश, टायरॉडचे सांधे, स्टिअरिंग बॉक्स, यांतला प्रत्येक केसभर ढिलेपणा चाकापाशी बेरीज होऊन येतो.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून उतरली. टॅक्सीच्या खपावर जे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत, ते आता शोधावे लागतात. किंगपिनचा संच, बुश, पाट्यांच्या पिना चांगल्या प्रतीच्या दिसल्या तर एक जोडी जादा घेऊन ठेवा.

बुश शक्यतो रबरचेच ठेवा. पॉलियुरेथेनचे बुश कडक असतात, स्टिअरिंग नेमकं वाटतं. पण ग्रीस सुकलं की ते करकरतात, आणि जिथे आर्मला दोन दिशांनी वळावं लागतं तिथे सांधा जखडतो. रबर बुश बसवताना एक नियम कधीही मोडू देऊ नका: आर्मचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, पूर्ण वजन खाली आल्यावर. गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबकळत असताना बोल्ट कसले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गडबडीच्या गॅरेजमध्ये हे हमखास राहतं. तेवढ्या दहा मिनिटांसाठी तिथे उभे राहा.

पाटे उघडले की एकेक पान वेगळं करून चिरा पाहा. कळंबोलीत ट्रकचे पाटे करणारे कारागीर अनुभवी आहेत, पण त्यांचं रोजचं काम टनांतलं. तुमचं वजनकाट्याचं बिल त्यांच्यासमोर ठेवा. थंड पाट्याला घणाने बाक देऊन घेऊ नका, तो बाक लवकरच उतरतो. तापवून, पाणी-तेल देऊन, नीट टेम्पर केलेलाच घ्या. पानाची जाडी 6 वरून 7 मिलिमीटर केली, तर एका मिलिमीटरने पान जवळपास 59 टक्के कडक होतं, कारण ताठपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. ‘एक पान जाड टाकू’ असं सहज म्हटलं जातं तेव्हा हा आकडा आठवा. नवे यू-बोल्ट लावा आणि 500 किलोमीटरनंतर पुन्हा कसा.

शॉकअप हा या सगळ्यातला सगळ्यात फायद्याचा खर्च. स्प्रिंग वजन पेलते, हेलकावा शॉकअप थांबवतो. दुसऱ्या गाडीचा गॅस शॉकअप घ्यायचा असेल, तर डोळे आणि बुशचं माप पुरत नाही. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना दोन्ही माउंटांमधलं अंतर मोजा. शॉकअपची बंद लांबी पहिल्या मापाहून कमी आणि उघडी लांबी दुसऱ्याहून जास्त हवी. नाहीतर रबर स्टॉपरच्या आधी शॉकअपच तळाला आदळेल.

कॉइल काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय आर्म सोडू नका. दबलेल्या स्प्रिंगमध्ये काहीशे किलोचा रेटा असतो, निसटली तर ती हाडं मोडते. आणि गाडी खाली बसवायला स्प्रिंगचा वेढा कापू नका. कापलेली स्प्रिंग कडक होते, तिची बैठक बिघडते, आणि चाक लोंबलं की ती जागेवरून सरकू शकते. शिवाय गतिरोधकांचं काय करणार? इंडियन रोड काँग्रेसच्या मापात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा लागतो. गल्लीत जे उभे केलेले असतात ते या मापाला क्वचितच जुमानतात.

आता भूमिती

इथून पुढे स्पोर्ट्स कारचं खरं देणं सुरू होतं. वळणाला झुकणं कमी करायचं तर कडक स्प्रिंगच्या आधी अँटी-रोल बारचा विचार करा. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: 18 ऐवजी 20 मिलिमीटरचा बार 52 टक्के ताठ. सरळ रस्त्यावरच्या आरामाला फारसा धक्का न लागता झुकणं आटोक्यात येतं. पण फक्त मागचा बार जाड केला, तर ओल्या रस्त्यावर शेपूट सुटतं. आधी पुढचा, तोही एक पायरी.

दुसरी गोष्ट बम्प-स्टिअर. खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग न हलवता गाडी डावी-उजवी ओढली जाते, त्याचं हे कारण. ते पाहायची पद्धत सोपी आहे. एका पुढच्या चाकाची स्प्रिंग काढा, चाकही काढा आणि हबवर सपाट प्लायची फळी बोल्टने बसवा. स्टिअरिंग सरळ ठेवून बांधून टाका. फळीच्या पुढच्या आणि मागच्या कडेसमोर जमिनीवर दोन खुणा करा. आता आर्मखाली जॅक लावून हब नेहमीच्या उंचीपासून एकेक सेंटिमीटर वर, मग खाली न्या आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्ही कडांचं खुणांपासूनचं अंतर वहीत टिपा. दोन्ही अंतरं एकसारखी बदलत असतील तर चाक सरळ आहे. एक कड पुढे आणि दुसरी मागे पडू लागली, तर चाक आपसूक वळतं आहे. अडीच सेंटिमीटरच्या हालचालीत हा फरक मिलिमीटरभर किंवा कमी असेल तर ठीक. जास्त असेल तर टायरॉडची उंची, वाकलेला स्टिअरिंग आर्म किंवा चुकीच्या उंचीवरची गाडी, यांपैकी काहीतरी दोषी आहे. गाडी खाली बसवलेल्यांना हा दोष हमखास भेटतो. स्टिअरिंग आर्म तापवून वाकवणं मात्र कदापि नको. तो तुटला तर गाडी कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही.

अलाइनमेंटला एक सूचना. या गाड्यांचे मूळ आकडे त्या काळच्या क्रॉस-प्लाय टायरसाठी होते. रेडियल टायरला थोडा उणे कॅम्बर आणि जरा जास्त कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव, मानवतो. पण हे शिमने, मूळ समायोजनाच्या मर्यादेत जमेल तेवढंच करा. भोकं लांबवून नको.

ब्रेक आणि टायर, वेगाच्या आधी

गाडी वळणात धीट झाली की चालवणाराही धीट होतो. म्हणून सस्पेन्शनच्या बरोबरीने ब्रेक. एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असेल, तर एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. तेव्हा रबरचे पाइप, व्हील सिलिंडर, लायनर, ड्रमची गोलाई, सगळं नवं किंवा निर्दोष करा. डिस्क ब्रेकचं रूपांतर करायचं असेल, तर ते आरटीओला विचारून आणि मागच्या-पुढच्या ब्रेकचा समतोल जाणणाऱ्याकडूनच. पुढच्या चाकांत मोठी डिस्क आणि मागे जुनेच ड्रम अशी जोडी हिशेब न करता लावली, तर मागचे ब्रेक निरुपयोगी तरी होतात किंवा आधी लॉक होतात.

टायर रुंद घेण्यापेक्षा ताजे घ्या. कडेवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी उन्हात कडक झालेलं रबर पावसात दगा देतं. बाहेरचा व्यास मूळ टायरएवढाच ठेवा आणि रिमचा ऑफसेट बदलू नका. चाक दोन बोटं बाहेर काढलं, की बेअरिंगवरचा भार वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि एका चाकाला ब्रेक जास्त लागला तर गाडी ओढते.

रस्त्यावर तपास

काम झालं की लगेच एक्स्प्रेस-वे पकडू नका. पहिला फेरा मोकळ्या, संथ रस्त्यावर, ताशी 30 च्या आत. परत येऊन सगळे बोल्ट तपासा, उंची पुन्हा मोजा. बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवली असेल, तर बोल्ट फिरला हे रेघ तुटलेली पाहूनच कळतं. दुसरा फेरा पळस्प्याहून कर्नाळ्याकडे, सकाळी लवकर, कायद्याच्या वेगमर्यादेत. सरळ रस्त्यावर गाडी ओढते का, ब्रेकला सरळ थांबते का, गतिरोधकावरून उतरल्यावर एका हेलकाव्यात स्थिरावते का, एवढंच बघा. घाट नंतर. चाचणी म्हणजे शर्यत नाही, आणि सार्वजनिक रस्ता ट्रॅक नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. शॉकअप, बार आणि टायर एकदम बदलले, तर गाडी सुधारली की बिघडली याचं श्रेय किंवा दोष कुणाला द्यायचा हे कळत नाही. प्रत्येक बदलानंतर वहीत तारीख, किलोमीटर, मापं आणि काय जाणवलं ते लिहा. काढलेले मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा. विंटेज नोंदणीला, विक्रीला किंवा मुलाने गाडी हाती घेतली तर त्याला, ते लागणारच आहेत.

हा क्रम पुरा झाल्यावर थांबा आणि काही महिने गाडी नुसती चालवा. कॉन्टेसा कितीही सुधारली तरी ती आजची मुस्टँग होणार नाही. ती 1984 साली कारखान्यातून जशी निघायला हवी होती, तशी मात्र होईल: घट्ट, सरळ चालणारी, वळणात विश्वास देणारी. त्यानंतरही अख्खं नवं सस्पेन्शन हवंसं वाटलं, तर हातात मापांची वही असेल, आणि तेव्हा घेतलेला निर्णय हौसेचा नव्हे, माहितीचा असेल. माझा अनुभव असा, की या टप्प्यापर्यंत शिस्तीने आलेला मालक कटर उचलत नाही. त्याला त्याची गरजच उरलेली नसते.